ओळख ठेवणारी लिफ्ट

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला माझा धंदा कळला की पुढच्या घासाआधी प्रश्न येतो, "अहो, लिफ्ट तुटून खाली पडते का?" उभ्या जन्मात मला याखेरीज दुसरं कुणी काही विचारल्याचं आठवत नाही. बसवनगुडीतल्या आमच्या मराठी घराण्यात कारकून झाले, मास्तर झाले, दोन वकीलही झाले. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला मी एकटाच. त्यामुळे आमच्या गोतावळ्यात या विषयावरचा अधिकार माझ्याकडेच आहे. तो वापरून सांगतो: नाही पडत.

उलट काय होतं ते सांगितलं की पाहुण्याचा घास हातातच राहतो. लोकांना वाटतं, मोटर लिफ्टला ओढते. खरं तर लिफ्टच्या मागे भिंतीलगत लोखंडी वजनांची चळत असते. लिफ्ट खाली आली की ती वर जाते, लिफ्ट वर गेली की ती खाली येते. अर्धी भरलेली लिफ्ट तोलली जाईल एवढी ही वजनं ठेवतात. म्हणजे लिफ्ट रिकामी असली की मागचं पारडं जड. अशा वेळी ब्रेक सुटला तर लिफ्ट खाली येत नाही, वर पळते. यशवंतपूरच्या एका गोदामात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दार उघडं, आत दिवा चालू, माणूस एकही नाही, आणि ती एवढीशी खोली आपली आपण वर निघाली. आधी सावकाश, मग वेगात. आपटली नाही, त्यासाठी आमच्याकडे वेगळी कळ असते. पण माझ्याबरोबरचा मंजुनाथ त्या दिवशी जेवला नाही. मी जेवलो, पण चव लागली नाही.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. लिफ्टला मन नसतं. दोर, वजन, ब्रेक आणि दार, बस्स. माणूस जखमी झाला, बोट अडकलं, कुणी मध्येच लटकला, की चौकशीत आमचं उत्तर ठरलेलं: यंत्र ठीक आहे, वापरणाऱ्याची चूक. हे उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही तेच तोंडातून निघालं होतं. बायकोने महिनाभर ऐकवलं.

तरी शंकेचा किडा तेव्हाही होता. मॅजेस्टिकजवळच्या एका ऑफिसातून तक्रारींचा पाऊस पडायचा, लिफ्ट हळू आहे. मोटर तपासली, दोर बदलले, वेग काही वाढेना. आमचा जुना सुपरवायझर आला, बघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी त्याने माणूसभर उंचीचा आरसा लावला. तक्रारी बंद. माणसं आपापले केस बघत उभी राहायची. लिफ्ट होती तेवढीच हळू होती. आम्ही पोटभर हसलो. पण एकदा त्या मजल्यावर काम करताना मी पाहिलं, लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, निघून गेली, आणि आरशासमोरचा माणूस तसाच उभा. त्याला लिफ्ट नकोच होती. तो रोज तिथे यायचा, असं शिपाई म्हणाला.

नंतर आमच्या शहराचं जे व्हायचं ते झालं आणि आमच्या लिफ्टचंही झालं. कोरमंगलाच्या एका काचेच्या इमारतीत आम्ही नव्या धर्तीच्या लिफ्ट बसवल्या. यात आत बटणं नसतात. बाहेरच कळफलकावर मजला सांगायचा. यंत्र म्हणतं, तुम्ही डी लिफ्टमध्ये जा. गेलात की ती तुम्हाला नेऊन सोडते. एका मजल्याची माणसं एकत्र भरल्यामुळे सगळ्यांचा वेळ वाचतो. या यंत्रणेची संगणकाची बाजू मृण्मयी बघायची. मुलगी पुण्याची. पुण्याची असल्यामुळे आधी उत्तर द्यायची, मग प्रश्न ऐकायची. पण हुशार आणि मनाने निर्मळ. मला काका म्हणायची आणि माझ्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, हक्काने खायची.

त्या इमारतीत एकदा आम्ही दुरुस्तीसाठी एक लिफ्ट यंत्रणेतून सोडवून जुन्या पद्धतीवर ठेवली. आतलं झाकण उघडलं की बटणं असतात, ती चालू केली, बाहेर पाटी लावली आणि आम्ही वर मोटरच्या खोलीत गेलो. सकाळची गर्दीची वेळ. थोड्या वेळाने खालून फोन आला, लिफ्ट अडकली, आत माणसं आहेत. मी पडद्यावर पाहिलं तर लिफ्ट तळमजल्यावरच, दार बंद, दोष काही नाही. खाली आलो. बाहेरचं बटण दाबलं. दार उघडलं.

आत सात-आठ तरुण मुलंमुली उभी होती. लिफ्ट बराच वेळ रिकामी आहे असं वाटलं की आतले दिवे आपोआप मालवतात, तसे ते मालवले होते. त्या अंधारात फक्त मोबाइलांच्या उजेडातले चेहरे. सगळ्यांची तोंडं दाराकडे. झाकणाआडची बटणं त्यांच्या खांद्याला लागून लुकलुकत होती, पण एकानेही दाबलं नव्हतं. नव्या लिफ्टमध्ये हललेलं कळू द्यायचं नाही हे आमचं कसब, आम्हाला त्याचा केवढा गर्व. त्यामुळे आपण हललोच नाही हेही त्यांना कळलं नव्हतं. तक्रार केली होती ती बाहेरच्या कुणी. दार उघडल्यावर पुढची मुलगी एक पाऊल बाहेर आली, तळमजल्याची तीच फरशी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सिक्स्थ?"

कुणी घाबरलं नव्हतं. मला भीती वाटली ती याची.

मी मृण्मयीला हे सांगितलं तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, ऑनेस्टली सांगू? आपण लिफ्ट विकतच नाही. आपण बिहेवियर विकतो. लोकांनी विचार न करता आत यायचं आणि उभं राहायचं, हाच प्रॉडक्ट आहे. तो नीट चालला, एवढंच."

"अगं, यंत्राला काय कळतंय? सुरीने भाजी चिरा नाहीतर बोट."

"सुरी तुम्हाला शिकवत नाही ना पण. ही शिकवते. दोन वर्षं रोज शिकवलंय तिने त्यांना."

मी वाद घातला. दोर, वजन, ब्रेक, दार हे सगळं तिला परत ऐकवलं. ती चित्रान्न खात ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणता तसं." पुण्याच्या माणसाने असं म्हटलं की समजावं, आपण हरलो.

माझं शेवटचं काम यशवंतपूरचं. जिथे पूर्वी कारखान्याचा भोंगा व्हायचा तिथे चौदा मजली इमारती उठल्या आणि त्यात आम्ही चेहरा ओळखणारी लिफ्ट बसवली. दाराच्या वर बांगडीएवढा काळा डोळा. तुम्ही समोर आलात की ती तुम्हाला ओळखते, दार उघडते आणि तुमच्या मजल्यावर नेते. बोटसुद्धा हलवायचं काम नाही. माझ्या अक्काचा मुलगा श्रीधर तिथेच नवव्या मजल्यावर राहतो. घर घेण्याआधी त्याने मला विचारलं होतं आणि मी छाती फुगवून सांगितलं होतं, घे, लिफ्ट मामाची आहे.

इंदूअक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या भोकांत तारा खोचत ती अर्ध्या शहराला उरलेल्या अर्ध्या शहराशी जोडून द्यायची. डॉक्टर, पोलीस ठाणी, मिठाईवाले, सगळ्यांचे नंबर तोंडपाठ. लहानपणी आम्ही तिची परीक्षा घ्यायचो आणि हरायचो. भावोजी गेल्यावर ती श्रीधरकडे आली. रोज सकाळी एकटी खाली उतरायची, देवळात जायची, फुलं घ्यायची, कोपऱ्यावरच्या बाकावर घटकाभर बसायची, परत यायची. मला म्हणायची, "दत्तू, तुझी लिफ्ट फार गुणाची बाई. मी दिसले की दार उघडते. सुनेपेक्षा बरी!" सून शेजारीच असायची आणि तीही हसायची.

आता गेल्या वर्षीच्या आयुधपूजेचं, म्हणजे आपल्या खंडेनवमीचं, सांगतो. इकडे कन्नड मुलखात त्या दिवशी बसपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते, याचं बाहेरून आलेल्यांना नवल वाटतं. आम्ही लिफ्टचीही करतो. मोटरला हार, दाराला केळीचे खुंट, लिंबू, कोहळा. तिथला वॉचमन बसवराजू भाविक माणूस. त्याने सगळ्या लिफ्टना न्हाऊ-माखू घातलं, आणि गंध कपाळाला लावतात, लिफ्टचं कपाळ कुठलं, तर दाराच्या वरची जागा, असा विचार करून त्या काळ्या डोळ्यावरच विभूतीचे तीन पट्टे ओढून मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला.

मला दुपारी अक्काकडे जेवायचं बोलावणं होतं. फाटकातच बसवराजू धावत आला. "अण्णा, लिफ्टगे कण्णु काणस्ता इल्ला!" म्हणजे लिफ्टला डोळ्यांनी दिसत नाही. वर पाहिलं आणि मला हसू आवरेना. काळजीचं कारण नव्हतं. डोळा मिटला की लिफ्ट आपोआप बटणांवर येते, आत आकडे उजळतात, आपण दाबायचे. तेवढं तर सगळ्यांना येतं, असं मी बसवराजूला म्हणालो आणि दाराजवळचं बटण दाबलं.

लिफ्ट तिथेच होती. दार उघडलं. आत अंधार. एका बाजूला आकड्यांच्या लाल रांगा पेटलेल्या, आणि मधोमध माझी अक्का, दाराकडे तोंड करून उभी. हातात फुलांची पुडी. तिचे डोळे उघडे होते पण ती कशाकडे पाहत नव्हती. दिवा लागला तशी तिने मान वळवली.

"आलं का आपलं घर?" तिने विचारलं.

मी आत गेलो. म्हटलं, "अक्का, बटण दाबायचं आज. दाब."

तिने आकड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून झकास हसली. "तूच दाब रे. माझे हात कुंकवाचे आहेत."

तिचे हात स्वच्छ होते.

जेवताना ती नेहमीसारखीच होती. मला आग्रह केला, श्रीधरला रागावली, भावोजींची नक्कल केली. मी विषय काढला नाही. जेवण झाल्यावर गॅलरीत तिने माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "दत्तू, श्रीधरला सांगू नकोस. कोंडून ठेवतील. बाई ठेवतील माझ्यावर. मला देवळात जायचं असतं रे, माझं मला." म्हणजे तिला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते तिने सांगितलं नाही, आणि मीही श्रीधरला काही सांगितलं नाही.

डोळ्याच्या काचेत कुंकू शिरलं होतं, नवी काच यायला वेळ होता. मी ते दिवस कामाच्या निमित्ताने त्या लिफ्टमध्ये काढले. अक्कासाठीच. आणि तिथे जे दिसलं त्याने अक्काला नेमकं काय झालंय हा शोध आणखीच अवघड झाला. बाराव्या मजल्यावरचा धडधाकट माणूस आत येऊन उभा राहायचा. मी विचारायचो, "कुठला मजला?" तो "अं..." म्हणून क्षणभर वर बघायचा. शाळेतून आलेली एक चिमुरडी आईला म्हणाली, "आपला नंबर काय गं?" आणि आईसुद्धा अडखळली. सगळेच अडखळत होते. सगळ्यांचे डोळे एक क्षण रिकामे व्हायचे, अगदी अक्कासारखे, आणि मग परत माणूस यायचा. अक्काच्या बाबतीत तो यायला उशीर लागला, एवढाच फरक. ती आजारी होती की तिलाही इतरांसारखीच सवय लागली होती?

मी आशेच्या बाजूने उभा राहिलो. आयुष्यभर यंत्राची वकिली केली आणि आता यंत्र दोषी निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसलो. नवी काच बसायच्या आधी मृण्मयीला फोन केला, याही लिफ्टचा संगणक तीच बघायची. "एवढं कर. अक्काचा चेहरा यंत्रणेतून काढून टाक. तिला बटण दाबू दे. शिकेल परत." तिने थोडा विचार केला. "काका, ट्राय करू," म्हणाली, आणि चेहरा काढला.

अक्का शिकली! रोज संध्याकाळी मी तिच्याबरोबर खाली-वर करायचो. नऊ म्हणजे नवरात्र, अशी खूण तिनेच शोधली. आठवड्याभरात न चुकता नऊ दाबू लागली. दाबल्यावर शाळकरी पोरीसारखी माझ्याकडे बघायची. "बरोबर का, मास्तर?" मी म्हणायचो, "बरोबर, बरोबर." मी घरी जाऊन बायकोला दोन-दोनदा सांगितलं, दोष लिफ्टचा होता. तिला नवल वाटलं; माझ्या तोंडून हे वाक्य तिने प्रथमच ऐकलं होतं.

मग एका दुपारी सहाव्या मजल्यावरून श्रीधरला ऑफिसात फोन गेला. त्या इमारतीत सगळी घरं एका साच्याची. त्या घरातल्या बाई धुणं वाळत घालत होत्या, दार लोटलेलं. अक्का आत गेली, चपला जागच्या जागी ठेवल्या, स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवलं. बाई आत आल्या तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "तुम्ही कोण? इथे कशा आलात?" त्या बाई नागपूरकडच्या, नव्याने आलेल्या, मराठी कानावर पडलं म्हणून आधी सुखावल्या आणि मग घाबरल्या. अक्का त्यांच्या घरात सबंध तास होती. त्या बाईंनीच तिला चहा दिला. जाताना अक्काने त्यांना बजावलं, निघताना दार ओढून घ्या.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. आजार नवा नव्हता, दोन-तीन वर्षं तरी असावा, असं ते म्हणाले. श्रीधर माझ्यावर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "मामा," तो म्हणाला, "रोज एकटी खाली जात होती, एकटी वर येत होती. आम्हाला वाटायचं, अम्मा ठीक आहे. ठीक नसती तर घरी कशी आली असती?"

घरी ती येतच नव्हती. लिफ्ट तिला आणत होती. साधी बटणांची लिफ्ट असती तर अक्का पहिल्याच महिन्यात चुकली असती, दुसऱ्याच्या दारात उभी राहिली असती, कुणीतरी हाताला धरून आणलं असतं, आणि औषधाचा काही उपयोग होण्याच्या दिवसांत आम्हाला कळलं असतं. तिचं विसरणं लिफ्टने दोन वर्षं झाकून ठेवलं, आणि त्या लिफ्टची दारं मी स्वतः पातळीत आणली होती. मला हे फार लागलं. अजून लागतं.

मृण्मयी भेटायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "मग हे यंत्राने केलं, की आजाराने?"

या वेळी तिने आधी प्रश्न पुरता ऐकला. "मला नाही माहीत, काका," म्हणाली. "कुणाला कळूच नये, असंच तर आपण ते बनवलं."

श्रीधरच्या सांगण्यावरून तिने अक्काचा चेहरा परत घातला. दुसरा मार्ग नव्हता, हे मलाही कबूल. फाटकाबाहेर आता बसवराजू तिच्यामागून थोडं अंतर ठेवून चालतो आणि तिला ते कळू देत नाही. देऊळ सुटलं नाही, एवढं तिला मिळालं.

संक्रांतीला मी एळ्ळु-बेल्ल्याची, म्हणजे इकडच्या तिळगुळाची, पुडी घेऊन गेलो. ऊन छान होतं. अक्का देवळातून येत होती, धुतलेली साडी, केसांत फूल, चालही ठणठणीत. मी हाक मारायच्या आतच लिफ्टने तिला पाहिलं आणि दार उघडलं. ती आत गेली, मी मागोमाग शिरलो. वर नऊचा आकडा लागला. अक्काने माझ्याकडे पाहिलं, सभ्य परक्या माणसाला करून द्यावी तशी जागा करून दिली आणि गोड आवाजात कन्नडमध्ये माझा मजला विचारला, "निमगे याव फ्लोर, सार?"

आम्ही भावंडं जन्मात कधी एकमेकांशी कन्नड बोललो नाही. कन्नड बाहेरच्यांशी.

"ओंबत्तु, अम्मा," मी म्हणालो. नववा.